ढिगाखालची जमीन

माझं काम नेमकं काय, हे घरी समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलंय. "खाणीतले दगडांचे ढीग मोजतो" असं म्हटलं की आई म्हणते, "चार वर्षं इंजिनिअरिंगची फी भरली ती ह्यासाठी?" बरं, ते ढीग मी प्रत्यक्ष जाऊन मोजतो असंही नाही. पुण्यात एसीत बसून मोजतो. ढीग चंद्रपूर जिल्ह्यात, मी बाणेरला, आणि मधे क्लाऊड. असो.

तर आज ह्या क्लाऊडची गोष्ट. खाणीचे नकाशे आणि ढिगांची मापं ठेवायला क्लाऊड कसा निवडायचा, ह्याची. मी तो एकदा निवडला होता आणि सपशेल चुकलो होतो. चूक क्लाऊडची नव्हती. मी स्वतःला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. आणि त्यापायी एका भल्या माणसाच्या पगारावर गदा यायची वेळ आली होती.

आधी थोडं कामाबद्दल. कोरपना-गडचांदूर भागात चुनखडीच्या मोठमोठ्या उघड्या खाणी आहेत. तिथल्या एका खाणीचं दर महिन्याचं ड्रोन सर्व्हेचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे होतं. ड्रोन साधारण १०० मीटरवरून उडतो. कॅमेरा २० मेगापिक्सेलचा असेल तर त्या उंचीवरून फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे पावणेतीन सेंटिमीटर. फोटो एकमेकांवर भरपूर चढवून घ्यावे लागतात, पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के. कारण एकच दगड निरनिराळ्या कोनांतून दिसला तरच त्याची उंची काढता येते. ह्या हिशोबाने एका फोटोच्या वाट्याला नवी जमीन येते जेमतेम ९०० चौरस मीटर. म्हणजे १०० हेक्टरला अकराशे फोटो, कडा-कोपरे धरून चौदाशे. एकेक फोटो दहा एमबीचा. झाले १४ जीबी. ही एका खाणीची एका महिन्याची कच्ची भाजी. ती शिजवली की त्यातून लाखो बिंदूंचा थ्रीडी ढग, उंचीचा नकाशा आणि वरून दिसणारा एकसंध फोटो असं बरंच काही निघतं, आणि ते कच्च्या मालाच्या दुप्पट-तिप्पट भरतं.

हे सगळं हौस म्हणून कोणी करत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने खनिज संवर्धनाचे नियम बदलले. ज्या खाणीचा वार्षिक उत्खनन आराखडा १० लाख टन किंवा त्याहून मोठा आहे, किंवा जिचं क्षेत्र ५० हेक्टर किंवा त्याहून जास्त आहे, तिला दरवर्षी संपूर्ण लीजचे आणि हद्दीबाहेरच्या १०० मीटरपर्यंतचे ड्रोन फोटो सादर करावे लागतात. (ह्या नियमांत कोळसा येत नाही, तो वेगळा संसार आहे.) हे काम पाहणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. म्हणजे वर्षातून एकदा तर करायचंच होतं. पण खाणीच्या मॅनेजमेंटने विचार केला, ड्रोन उडतोच आहे तर दर महिन्याला यार्डातले ढीगही मोजून घेऊ.

आता माझी निवड. बॉसने सांगितलं, "दोन दिवसांत एक्सेल शीट बनव, तिन्ही मोठ्या कंपन्यांचे दर टाक, स्वस्त पडेल ते घे." मी इमानेइतबारे शीट बनवली. दर जीबीला दर महिन्याला किती, मशीनला तासाला किती, वगैरे. सगळ्यात स्वस्त कॉलम हिरवा केला. झालं! क्लाऊड निवडला!

चार महिन्यांनी बिल फुगलं. बॉस वैतागला. मी फार खोलात न जाता एक ‘हुशारी’ केली. क्लाऊडमध्ये फाइलींना आयुष्य ठरवून देता येतं, अमुक दिवस झाले की आपोआप पुसून टाक. मी नियम लिहिला: कच्च्या फोल्डरमधलं सगळं ९० दिवसांनी पुसायचं. ठेवायचा तो फक्त अंतिम रिपोर्ट, म्हणजे एक पीडीएफ, आणि वेबसाइटवर दाखवायला हलका केलेला नकाशा. जुन्या आवृत्त्या जपून ठेवायची सोय असते, तीही बंद ठेवली. त्यानेही बिल वाढतं ना. बॉस खूश. मीही खूश. नियम लिहायला अकरा मिनिटं लागली होती, हे मी मित्रांना फुशारकीने सांगितल्याचंही आठवतंय.

जुलैच्या मध्यावर खाणीतल्या सर्व्हेअर काकांचा फोन आला. काका तिकडचेच. तीस वर्षं खाणीत सर्व्हेअर, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. मला मुलाच्या वयाचा असूनही ‘साहेब’ म्हणतात आणि मला ते अजिबात सहन होत नाही.

"साहेब, तुमच्या कम्प्युटरनं तीन हजार टन दगड खाल्ला," ते म्हणाले, "अन् खुलासा माह्याकडून मागून राहिले."

झालं होतं असं. ३१ मार्चच्या वर्षअखेरीच्या स्टॉकची तपासणी चालली होती. स्टॉक रजिस्टरप्रमाणे एका ढिगात ४२ हजार टन चुनखडी हवी होती. आमच्या रिपोर्टात होती ३९ हजार. रजिस्टर वजनकाट्यावरून भरलेलं, ढिगाचं माप ड्रोनचं, आणि ड्रोन ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी’! त्यामुळे खोटं कोण ठरणार हे उघड होतं. यार्डाची जबाबदारी काकांची. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला होता. तीन हजार टन म्हणजे ट्रकच्या ट्रक दगड. तो कोणी खिशात घालून नेत नाही. पण कागदावर तूट ती तूट.

"काका, काळजी नका करू, मी पुन्हा कॅलक्युलेट करतो," मी म्हटलं, आणि लॅपटॉप उघडला.

फोल्डर रिकामं होतं. ३१ मार्च अधिक ९० दिवस म्हणजे २९ जून. मला अठरा दिवस उशीर झाला होता. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

इथे थोडं गणित सांगतो, कारण त्याशिवाय माझं पाप कळणार नाही. ढिगाचं आकारमान म्हणजे ढिगाचा वरचा पृष्ठभाग वजा खालची जमीन. वरचा पृष्ठभाग ड्रोनला दिसतो. खालची जमीन दिसत नाही, कारण तिच्यावर ढीग आहे! मग सॉफ्टवेअर ढिगाच्या पायथ्याभोवती बिंदू घेतं, ते एकमेकांना जोडतं आणि खालची जमीन ‘अशी असावी’ असं गृहीत धरतं. बहुतेक वेळा ते चालून जातं. पण जमीन मधे खोलगट असेल तर त्या खोलग्यातला माल मोजलाच जात नाही. आमच्या ढिगाचा पाया होता ८ हजार चौरस मीटर. त्याखाली सरासरी फक्त २५ सेंटिमीटरचा खोलगा असला तरी २ हजार घनमीटर गायब. मोकळ्या चुनखडीचं घनमीटरला दीड टन धरलं की झाले तीन हजार टन. वीतभर खोली, आणि एका माणसाची अब्रू!

ही शंका मला पुण्यात बसून आली. पण शंकेने काय होतं? सिद्ध करायला ३१ मार्चचा पृष्ठभाग हवा. तो मी पुसून टाकलेला. पीडीएफवर एक आकडा होता, आणि तो आकडा बरोबर की चूक हे आता जगात कोणीच सांगू शकत नव्हतं, आम्हीसुद्धा नाही.

बॉसला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "जाऊन ये तिकडे." नागपूरपर्यंत ट्रेन आणि पुढे एसटी. पाऊस, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि डोक्यात एकच वाक्य घोळतंय: काकांना हे सांगायचं कसं?

सांगितलं. यार्डाच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये, चहा पिताना. ऐकून ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पुसून टाकले? अन् ते कायले?"

"बिल वाढत होतं."

"किती?"

मला सांगता आलं नाही. हिशोबच केला नव्हता.

काकांनी कपाट उघडलं आणि एक जाड, कडा झिजलेली वही काढली. फील्डबुक. ज्यांनी सिव्हिलवाल्या मित्रांना सर्व्हेचं प्रॅक्टिकल करताना पाहिलंय त्यांना माहीत असेल, फील्डबुकात खोडरबर चालत नाही. रीडिंग चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी नवं लिहायचं. चुकलेलंही वाचता आलं पाहिजे. काका म्हणाले, "आमच्या साहेबानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पान फाडलं तर नोकरी गेली समज."

त्या वहीत, ढीग रचण्याआधी यार्डाची टोटल स्टेशनने घेतलेली मापं होती. म्हणजे ढिगाखालची जमीन! आणि ३१ मार्चला ड्रोनसाठी जमिनीवर जे काळे-पांढरे मार्कर ठेवले होते, त्यांचे कोऑर्डिनेट्सही होते, त्याच बेंचमार्कवरून घेतलेले. हे फार महत्त्वाचं. मार्करशिवाय फोटोंतून केलेलं मॉडेल वर-खाली सरकू शकतं, तिरकं होऊ शकतं. ८ हजार चौरस मीटरच्या ढिगाला पाच सेंटिमीटरची चूक म्हणजे सहाशे टन.

पण फोटो?

"फोटो आहेत ना," काका म्हणाले. "तुम्ही डिस्क मागवत होते ना बसनं? पाठवायच्या आधी मी एक कॉपी ठेवून घेत होतो."

ह्या डिस्कची गंमत सांगायला हवी. खाणीवर इंटरनेट म्हणजे मोबाइलचं, आणि चांगल्या दिवशी अपलोडला २ एमबीपीएस. १४ जीबी पाठवायला साडेपंधरा तास, तेही मधे तुटलं नाही तर. म्हणून काका हार्डडिस्क चंद्रपूरहून पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देत. ती बस पोचते सोळा-सतरा तासांत. म्हणजे बस आणि इंटरनेट जवळपास बरोबरीने धावत होते आणि आम्ही त्यावर हसायचो. माझ्या शीटमध्ये ह्या बसला कॉलम नव्हता. आणि शेवटी मला वाचवलं ते ह्याच बसने.

त्या रात्री गेस्ट हाऊसवर बसून फोटो, मार्कर आणि खालची खरी जमीन, सगळं नव्याने चालवलं. लॅपटॉप पहाटेपर्यंत विमानासारखा आवाज करत होता. खोलगा निघाला. १७५० घनमीटर. म्हणजे सव्वीसशे टनांच्या आसपास. उरलेले चारशे टन ४२ हजारांत एक टक्काही नाहीत. घनमीटरला दीड टन हा आकडा मुळातच अंदाजाचा असल्याने तेवढा फरक राहतोच. काकांचा खुलासा त्याच आठवड्यात मान्य झाला. माझा खुलासा कोणी मागितला नाही, म्हणून तो आज इथे देतोय.

पुण्याला परत आल्यावर पहिलं काम केलं ते काकांच्या "किती?" ह्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं. आमच्याकडे अशा सहा खाणी. गुणिले बारा महिने, गुणिले १४ जीबी. वर्षभराचा कच्चा माल जेमतेम एक टीबी. तो सगळा साध्या, महाग वर्गात ठेवला असता तरी वर्षअखेरीस महिन्याला दोन-सव्वादोन हजार रुपये. त्यातले शेवटच्या तीन महिन्यांचे फोटो आम्ही ठेवतच होतो. म्हणजे माझ्या हुशारीने वाचले असते दीड-पावणेदोन हजार. ऑफिसचं चहा-वडापावचं बिल त्याहून जास्त येतं. मग बिल फुगलं कशाने? शनिवार-रविवार चालू राहिलेल्या मोठ्या मशीनने, प्रक्रियेत मधे तयार होणाऱ्या आणि कोणालाच नको असलेल्या फाइलींनी, आणि क्लाऊडमधून डेटा पुन्हा पुन्हा बाहेर खेचल्याने. पुसायला हवं होतं ते ठेवलं होतं आणि ठेवायला हवं होतं ते पुसलं होतं!

मग शीट पुन्हा बनवली. ह्या वेळी दर सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न वर लिहिला: पाच वर्षांनी कोणी विचारलं, "हा आकडा कुठून आला?" तर मी काय दाखवणार? त्याखाली बाकीचे.

डेटा राहणार कुठे? हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक डेटाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, आडव्या दिशेत एक मीटरपेक्षा किंवा उभ्या दिशेत तीन मीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेचा डेटा भारतातच ठेवायचा आणि भारतातच त्यावर प्रक्रिया करायची. आम्ही सेंटिमीटरमध्ये बोलतो, म्हणजे आम्ही त्यात आलोच. एक परदेशी तयार प्लॅटफॉर्म डेमोत सगळ्यांना फार आवडला होता. सर्व्हर कुठे आहेत विचारल्यावर तो यादीतून गेला. भारतात पर्याय कमी नाहीत. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५ पासून, त्यातलं एक चक्क पुण्यात. गूगलचं मुंबईत २०१७ पासून आणि दिल्लीत २०२१ पासून.

किती लवकर लागणार? रिपोर्ट आणि नकाशा रोज उघडला जातो, तो लगेच मिळणाऱ्या वर्गात. नकाशाची फाइल अशा प्रकारे लिहायची की ब्राउझर फक्त समोर दिसणारा तुकडा मागवेल, अख्खी फाइल नाही. कच्चे फोटो वर्षातून एकदाही लागत नाहीत, ते थंड वर्गात. तिथे ठेवणं फार स्वस्त, पण परत मिळायला तास लागतात आणि ठरावीक महिन्यांच्या आत पुसलं तरी पैसे कापतात. एकेका फाइलमागेही खर्च लागतो, म्हणून चौदाशे सुटे फोटो नाही, मार्करच्या मापांसकट एकच गाठोडं.

बाहेर पडायला किती? हा कॉलम पहिल्या शीटमध्ये नव्हताच. आम्ही पाहिलेल्या दरांत एक जीबी महिनाभर ठेवायला जेवढे पैसे, त्याच्या चौपट तो एकदा बाहेर काढायला. म्हणून प्रक्रियेचं मशीन आणि साठा एकाच केंद्रात असला पाहिजे, किंवा डिस्क आली की सरळ ऑफिसच्या मशीनवर काम करून निकाल तेवढा वर चढवायचा. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

पुसू कोण शकतं? उत्तर: ठरलेली मुदत संपेपर्यंत कोणीही नाही, मीसुद्धा नाही. एकदा लिहिलं की कुलूप, अशी सोय असते. हे आमचं फील्डबुक.

आणि शेवटचं, खातं कोणाच्या नावावर? उद्या आमची कंपनी बुडाली किंवा कंत्राट दुसऱ्याला गेलं तरी खाणीला तिचा डेटा मिळाला पाहिजे. म्हणून खातं खाणीच्या नावावर, आम्ही त्यात फक्त भाडेकरू. बॉसला हे पटायला दोन आठवडे लागले. "मग ते आपल्याला सोडून गेले तर?" असं तो विचारत होता. जातील की. पण डेटा अडकवून ठेवलाय म्हणून टिकलेलं गिऱ्हाईक किती दिवस टिकणार?

शेवटी कोणाचा क्लाऊड घेतला म्हणाल, तर पहिल्या शीटमध्ये हिरवा केला होता तोच! ह्या प्रश्नांवर तिन्ही कंपन्यांत फार फरक निघाला नाही. फरक होता तो आम्ही काय ठेवतो, किती दिवस आणि कोणासाठी, ह्यात.

नवीन व्यवस्था लागली तेव्हा काकांना फोनवर सगळं सांगितलं. एक प्रत मुंबईत, दुसरी हैदराबादेत, कुलूपबंद. ते शांतपणे ऐकत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "पण डिस्कवरची कॉपी मी ठेवूनच राहीन. चालते ना?"

चालतं म्हटलं. खाण ऑफिसच्या कपाटात, फील्डबुकाशेजारी. शीटमध्ये आता त्या कपाटालाही एक कॉलम आहे.